संकेतस्थळावरील गर्दी आणि तिचे वाटप

पूर्वी शालान्त परीक्षेचा निकाल शाळेत लागत असे. गर्दी तेव्हाही होत असे. परंतु ती राज्यभरातील हजारो शाळांच्या आवारांत आपोआप विभागली जात असे. आता तोच निकाल संकेतस्थळावर, पूर्वी जाहीर केलेल्या मिनिटाला प्रसिद्ध होतो आणि राज्यातील सारी गर्दी एकाच दारापाशी येऊन उभी राहते. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता महाराष्ट्रातील दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा याचा प्रत्यय आला. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला होता. सुमारे १६ लाख विद्यार्थी व त्यांचे पालक एकाच वेळी निकाल पाहू लागले आणि संकेतस्थळ कित्येक तास उघडू शकले नाही. शिक्षणमंत्र्यांना त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी सायंकाळी ४ वाजता १८ ते ४४ वर्षे वयोगटासाठी लसीकरणाची नोंदणी 'कोविन'वर खुली झाली, तेव्हाही आरंभीची काही मिनिटे अडखळत गेली. मात्र त्यानंतर यंत्रणा सावरली व पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक नागरिकांची नोंदणी झाली.

निकाल चार तास उशिरा दिसला तर मनस्ताप होतो. गुण बदलत नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची नोंदणी किंवा नोकरभरतीचा अर्ज यांची गोष्ट निराळी आहे. तेथे मुदत असते. गावच्या सेवा केंद्रात दिवसाची मजुरी बुडवून आलेला शेतकरी सायंकाळपर्यंत फिरते चक्र पाहत बसतो आणि मध्यरात्री मुदत संपते. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून अमलात आहे. सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे असे म्हटल्यावर त्या सेवेचे दार ऐन वेळी उघडे राहील की नाही, हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहत नाही. म्हणून या दाराची रचना कशी असते, हे कार्यालयप्रमुखांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

एका सर्व्हरची ताकद

संकेतस्थळाची पाने जेथून पाठविली जातात त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. नागरिकाच्या मोबाइलवरून विनंती येते, सर्व्हर माहिती शोधतो, पान तयार करतो आणि परत पाठवितो. समजा, एक सर्व्हर सेकंदाला अशा २०० विनंत्या पुऱ्या करू शकतो. १६ लाख लोकांनी एकेकदाच पान मागितले तरी त्याला ८,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सव्वादोन तास लागतील. आणि लोक एकदाच मागत नाहीत. पान उघडले नाही की माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो. सर्व्हरच्या दृष्टीने ती प्रत्येक वेळी नवी विनंती असते. अशा रीतीने विलंबातून गर्दी आणि गर्दीतून विलंब वाढत जातो.

रांगांचे गणित यापेक्षाही कठोर आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एरलँग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी केंद्रावरील गर्दीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून या शास्त्राचा पाया घातला गेला. त्यातील अगदी साधा हिशेब असा : विनंत्या अनियमितपणे येत असतील आणि काम करणारा एकच असेल, तर तो निम्मा वेळ कामात असताना रांगेत थांबण्याचा सरासरी काळ एका कामाच्या काळाएवढा असतो. तो ८० टक्के वेळ गुंतला की थांबणे चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. 'सर्व्हरची ९५ टक्के क्षमता वापरली जात आहे' हे वाक्य अहवालात काटकसरीचे वाटते. प्रत्यक्षात ती कोसळण्यापूर्वीची अवस्था असते.

आवक टेबलाचे काम

यावर उपाय दोन. एक, मोठा सर्व्हर घेणे. परंतु यंत्र कितीही मोठे घेतले तरी त्याला मर्यादा असते आणि ते बंद पडले की सर्वच बंद पडते. दुसरा उपाय म्हणजे सारख्या क्षमतेचे अनेक सर्व्हर उभे करून काम त्यांच्यात वाटणे. हे वाटप करणारी यंत्रणा म्हणजे लोड बॅलन्सर. मराठीत तिला भारविभाजक म्हणता येईल.

कोणत्याही कार्यालयात आवक-जावकचे टेबल असते. बाहेरचा माणूस मागच्या टेबलांवर परस्पर जात नाही; त्याचा कागद आवक लिपिकाकडे येतो आणि लिपिक तो योग्य टेबलाकडे पाठवितो. भारविभाजकाचे काम नेमके हेच. त्याचेही दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार पाकिटावरचा पत्ता पाहून, पाकीट न उघडता पुढे सरकवितो. तो वेगवान असतो. दुसरा प्रकार पाकीट उघडून आतला विषय वाचतो आणि निकालाची विनंती एका गटाकडे, तक्रारीची दुसऱ्या गटाकडे अशी विभागणी करतो. शासकीय संकेतस्थळांना बहुधा दुसरा प्रकार अधिक सोयीचा ठरतो, कारण तेथे एकाच नावाखाली अनेक सेवा नांदत असतात.

एके काळी हे काम करणारी महागडी स्वतंत्र यंत्रे विकत घ्यावी लागत. पुढे फ्रान्समधील विली तारो यांची 'एचएप्रॉक्सी' आणि रशियातील इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुली केलेली 'एनजिन्एक्स' या मुक्त प्रणालींमुळे साध्या संगणकावरही हे काम होऊ लागले. २००९ मध्ये अमेझॉनने आपल्या क्लाउडवर ते भाडेतत्त्वावर उपलब्ध करून दिले. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या सुसज्ज संगणक केंद्रातील क्षमता हवी तेव्हा, हवी तितकी भाड्याने घेणे. भारत सरकारचा 'मेघराज' उपक्रम याच धर्तीचा असून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले. खासगी क्षेत्रात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात व अमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. त्यामुळे महाराष्ट्रातील कार्यालयाला सर्व्हरसाठी दूर पाहावे लागत नाही.

उभारणी कशी होते

संकेतस्थळाचे नाव आधी सर्व्हरच्या पत्त्याशी जोडलेले असते. ते तेथून काढून भारविभाजकाच्या पत्त्याशी जोडणे हा उभारणीचा मध्यबिंदू होय. नागरिकाला नाव तेच दिसते. मागे एक सर्व्हर आहे की वीस, याचा त्याला पत्ताही लागत नाही. मागील सर्व्हर खासगी जाळ्यात ठेवले जातात. त्यांनी केवळ भारविभाजकाकडूनच आलेली विनंती स्वीकारावी, असा नियम घालावा लागतो. तो घातला नाही, तर आवक टेबल असूनही मागचे दार उघडे, अशी स्थिती होते.

सर्व्हर दोन निरनिराळ्या इमारतींत असावेत. मोठ्या क्लाउड केंद्रांत वीज, शीतकरण व जाळे यांची स्वतंत्र व्यवस्था असलेले विभाग असतात. एकाची वीज गेली तरी दुसरा चालू राहतो. भारविभाजक स्वतःही एकटा असू नये. क्लाउडवरील तयार सेवेत ही काळजी पुरवठादार घेतो, मात्र तेथेही एकाहून अधिक विभाग निवडण्याचे काम ग्राहकाचे असते. स्वतःच्या यंत्रावर प्रणाली बसविली असेल, तर दुसरे यंत्र राखीव ठेवून पहिले पडताच त्याचा पत्ता दुसऱ्याने घ्यावा अशी जोडणी करावी लागते. निविदेत 'लोड बॅलन्सर : १ नग' असे लिहिलेले आढळले, तर तेथेच थांबून विचारणा केली पाहिजे.

संकेतस्थळाच्या नावाशेजारी दिसणाऱ्या कुलपाचे सुरक्षा प्रमाणपत्रही सामान्यतः आता भारविभाजकावर ठेवतात. त्याची मुदत संपली की सर्व सर्व्हर ठणठणीत असूनही नागरिकाला धोक्याची सूचना दिसते. म्हणून नूतनीकरण आपोआप व्हावे अशी व्यवस्था करावी आणि तरीही मुदतीची तारीख कुणाच्या तरी टेबलावर लिहिलेली असावी.

आणखी एक बारकावा. भारविभाजक मध्ये आला की मागच्या सर्व्हरला प्रत्येक विनंती त्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. नागरिकाचा मूळ पत्ता हवा असेल तर तो भारविभाजकाने विनंतीच्या शिरोभागात लिहून पुढे द्यावा लागतो आणि सर्व्हरने तो तेथून नोंदवावा लागतो. ही नोंद न ठेवलेल्या कार्यालयावर पुढे एखाद्या चौकशीत सर्व अर्ज एकाच पत्त्यावरून आले असे दाखविण्याची पाळी येईल.

वाटपाचे नियम

सर्वांत साधा नियम पाळीपाळीने देण्याचा. पहिली विनंती पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, आणि शेवटच्यानंतर पुन्हा पहिल्याला. सर्व विनंत्या सारख्याच कष्टाच्या असतील तर हा नियम पुरतो. परंतु एका नागरिकाला केवळ सूचना वाचायची असते आणि दुसऱ्याला चाळीस पानांचे कागदपत्र चढवायचे असते. अशा ठिकाणी ज्याच्या हाती सध्या सर्वांत कमी कामे आहेत त्याला पुढील काम, हा नियम अधिक न्याय्य ठरतो. यंत्रे लहानमोठी असतील तर त्यांना वजन देता येते. दुप्पट क्षमतेच्या यंत्राला दुप्पट कामे.

विनंतीच्या मूळ पत्त्यावरून सर्व्हर ठरविण्याची पद्धतही आहे, पण आपल्याकडे ती जपून वापरावी. शाळेतील संगणक कक्षातील सर्व मुले, किंवा एका मोबाइल कंपनीचे असंख्य ग्राहक, बाहेरून एकाच पत्त्याचे दिसू शकतात. ते सारे एका सर्व्हरवर जाऊन पडतात आणि शेजारचे सर्व्हर रिकामे बसतात.

सर्व्हरची हजेरी

आजारी कर्मचाऱ्याच्या टेबलावर कागद ठेवत राहणारा आवक लिपिक काय कामाचा? भारविभाजक म्हणून दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला हाक मारतो. ठरलेल्या वेळात योग्य उत्तर आले नाही आणि असे लागोपाठ दोन-तीनदा झाले, की त्याला वाटपातून वगळतो. पुन्हा नीट उत्तरे येऊ लागली की परत घेतो. एकाच चुकीवर वगळले तर क्षणिक अडखळण्यानेही यंत्रे आत-बाहेर होत राहतात. दहा चुका होईपर्यंत थांबले तर तोवर नागरिक ताटकळतो.

या हाकेला काय उत्तर मिळावे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. सर्व्हरने केवळ 'जागा आहे' एवढेच सांगावे, असे ठरविले तर माहितीसाठ्याशी संबंध तुटलेला सर्व्हरही हजर धरला जातो. तो प्रत्येक नागरिकाला तत्काळ 'चूक झाली' असे पान देऊन मोकळा होतो. त्याचे हात सदैव रिकामे! मग सर्वांत कमी कामे असलेल्याला पुढील काम, या नियमाने बहुतेक विनंत्या त्याच्याकडेच जातात आणि एक नादुरुस्त यंत्र साऱ्या संकेतस्थळाची अब्रू घालविते. उलट, हाकेच्या उत्तरासाठी दर वेळी माहितीसाठा तपासावा असे ठरविले, तर तो साठा थोडा मंदावताच सगळे सर्व्हर एकदम गैरहजर ठरण्याचा संभव असतो. अनुभवी अभियंते या दोहोंमधला मार्ग काढतात : हाकेपुरती तपासणी हलकी ठेवतात, चुकीची पाने देणाऱ्या सर्व्हरवर वेगळी नजर ठेवतात आणि सर्वच गैरहजर दिसले तर सर्वांना हजर धरून काम चालू ठेवावे, अशी सूचना देऊन ठेवतात.

सर्व्हर दुरुस्तीला काढतानाही शिस्त लागते. त्याला नवी कामे देणे थांबवून हातातील कामे पुरी होऊ द्यावीत आणि मगच तो बंद करावा. अन्यथा अर्जाचे शुल्क भरत असलेल्या माणसाचा व्यवहार अर्ध्यावर तुटतो.

अर्जदाराची ओळख

अर्जाचे पहिले पान एका सर्व्हरने दिले, दुसरे दुसऱ्याने, तर दुसऱ्याला हा अर्जदार कोण हे ठाऊक असेल काय? सर्व्हर अनेक झाल्यावर उद्भवणारी ही हमखास अडचण आहे. जुन्या प्रणालींत प्रवेश केलेल्या नागरिकाची माहिती त्या त्या सर्व्हरच्या स्मृतीत राहत असे. त्यांना भारविभाजकाच्या मागे तसेच उभे केले की नागरिकाला पुन्हा पुन्हा संकेतशब्द विचारला जातो. तात्पुरता उपाय म्हणजे भारविभाजकाने नागरिकाच्या मोबाइलवर एक खूण ठेवून त्याला प्रत्येक वेळी त्याच सर्व्हरकडे नेणे. पण तो सर्व्हर बंद पडला की अर्धा भरलेला अर्जही गेला. ही माहिती सर्व सर्व्हरांना दिसेल अशा सामायिक जागी ठेवणे, हाच पक्का उपाय. त्यासाठी मूळ आज्ञावलीत बदल करावा लागतो व त्याला वेळ लागतो. मुदतीच्या आधल्या आठवड्यात हे होत नाही.

मागचे अरुंद दार

भारविभाजक भार वाटतो. तो कमी करीत नाही. समोर दहा खिडक्या उघडल्या आणि दहाही लिपिकांना एकाच कपाटातील एकच नोंदवही वापरायची असेल, तर रांग खिडकीपासून कपाटापर्यंत सरकते एवढेच. संकेतस्थळाच्या बाबतीत हे कपाट म्हणजे माहितीसाठा किंवा ओळख पटविणारी यंत्रणा.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. आरोग्य विमा मिळविण्यासाठी तेथील केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१३ रोजी 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ खुले केले. एकाच वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता. अडीच लाखांपर्यंत आले. मात्र गर्दी हे एकच कारण नव्हते. विम्याच्या योजना नुसत्या पाहण्यासाठीही आधी खाते उघडणे सक्तीचे केले होते. त्यामुळे केवळ चौकशीला आलेला माणूसही खाते उघडण्याच्या एका अरुंद दारातून जाऊ लागला आणि ते दार तुंबले. लक्षावधी लोक येऊन गेले. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पुरी झाली ती अवघ्या सहा जणांची.

पुढील दोन महिन्यांतील दुरुस्ती अधिक उद्बोधक आहे. बाहेरून तज्ज्ञ आणण्यात आले. कोठे किती वेळ लागतो हे दाखविणारे मोजमाप बसविण्यात आले, कारण आरंभी ते पुरेसे नव्हतेच. खाते न उघडता योजना पाहण्याची सोय करण्यात आली. गर्दी फार झाली तर नागरिकाला रांगेत ठेवून नंतर येण्याची सूचना देणारी व्यवस्थाही झाली. डिसेंबरच्या आरंभी एकाच वेळी ५० हजार व दिवसाला आठ लाख लोकांना सेवा देण्याची क्षमता आल्याचे शासनाने जाहीर केले. यंत्रे वाढविली गेलीच. परंतु खरा फरक पडला तो प्रत्येकाला अरुंद दारातून जावयास लावणे थांबविल्याने.

आपल्याकडील निकालाला हे सहज लागू होते. जाहीर झाल्यावर निकाल बदलत नाही. मग प्रत्येक विद्यार्थ्यासाठी माहितीसाठ्यात नव्याने शोध कशाला? आसन क्रमांकानुसार पाने आदल्या रात्रीच तयार करून ठेवली, तर सर्व्हरला केवळ ती उचलून द्यावी लागतात. सूचना, चित्रे व नमुना अर्ज यांसारखी सर्वांना सारखीच लागणारी सामग्री देशभर पसरलेल्या वितरण जाळ्यातून दिली, तर ती गर्दी मुख्य दारापर्यंत येतही नाही.

किती सर्व्हर, केव्हा

दोन सर्व्हर आहेत आणि दोघेही ६० टक्के गुंतलेले आहेत, तर व्यवस्था सुरक्षित दिसते. एक बंद पडला की दुसऱ्यावर १२० टक्के भार येतो आणि तोही पडतो. म्हणजे दोन सर्व्हर असूनही एकाचीच सुरक्षितता. तेच काम चार सर्व्हरांवर नेले, तर प्रत्येकावर ३० टक्के येते आणि एक पडल्यावर उरलेल्या तिघांवर ४० टक्के. क्षमता ठरविताना एक यंत्र, किंवा शक्य तर एक संपूर्ण विभाग, बंद आहे असे धरूनच हिशेब केला पाहिजे.

क्लाउडवर गर्दी वाढताच सर्व्हर आपोआप वाढविण्याची सोय असते व तिच्यावर फार विसंबले जाते. नवा सर्व्हर सुरू होऊन हजेरीत येण्यास बहुधा काही मिनिटे लागतात; निकालाची गर्दी पहिल्या मिनिटातच येते. निकालाची वेळ आधी ठाऊक असते, म्हणून सर्व्हरही आधीच, घटकाभरापूर्वी नव्हे तर सकाळीच, वाढवून ठेवणे शहाणपणाचे. भारविभाजक भाड्याचा असेल तर अपेक्षित गर्दीची पूर्वसूचना पुरवठादारालाही द्यावी.

रंगीत तालमीशिवाय हे सारे कागदावरचे आहे. कृत्रिम विनंत्या पाठवून अपेक्षेच्या दुप्पट-तिप्पट भार टाकावा आणि तो चालू असतानाच एक सर्व्हर मुद्दाम बंद करावा. किती विनंत्या वाया गेल्या, हजेरीतून तो किती सेकंदांत वगळला गेला आणि माहितीसाठ्याचा वेग कितपत मंदावला, हे आकडे टिपणीवर यावेत. ही चाचणी निकालाच्या निदान दोन आठवडे आधी व्हावी, म्हणजे आढळलेली उणीव भरून काढता येते. पुरवठादाराचे देयक मंजूर करताना या चाचणीचा अहवाल सोबत मागण्यास कोणत्याही तांत्रिक पदवीची गरज नाही.

गर्दी ओसरल्यावर जादा सर्व्हर बंद करण्याचे कामही कुणाकडे तरी नेमून दिलेले असावे. क्लाउडचे भाडे वापराच्या वेळेवर आकारले जाते आणि एका दिवसासाठी वाढविलेले वीस सर्व्हर विसरले गेले, तर महिनाअखेरीस त्यांचेही देयक येते. बंद करण्यापूर्वी त्यांवरील नोंदी मात्र अन्यत्र सुरक्षित ठेवाव्या लागतात, कारण यंत्राबरोबर त्याही नष्ट होऊ शकतात आणि पुढील वर्षीच्या गर्दीचा अंदाज त्यांच्यावरूनच बांधावयाचा असतो.